सुभेदारांची न घेतलेली रायफल

आमच्या सुभेदारांकडे रायफलीचा चामडी पट्टा होता, नळी साफ करायची सळई होती, तेलाची बाटली होती, आतून मऊ कापड लावलेली कॅनव्हासची लांबलचक पिशवी होती आणि सरकारी शिक्क्याचा रीतसर परवानाही होता. फक्त रायफल नव्हती. रुखवत मांडून तयार आणि नवरीचाच पत्ता नाही, असा हा संसार त्यांनी देवळाली कॅम्पातल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं चालवला. "पसंत पडली की आणू," असं ते म्हणत. त्यांना नक्की काय पसंत पडणार आहे, हे मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो आणि दर उत्तरागणिक माझा गोंधळ वाढत राहिला. तो आजही पुरता संपलेला नाही.

कॅम्पाच्या बाजारात माझा छापखाना आहे. छापखाना म्हणजे आता लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. पण वडिलांचं पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणि शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांनी, भरलेल्या खणाखणांच्या लाकडी केसी मागच्या खोलीत अजून आहेत, कारण त्या मोडीत घालायचा विषय निघाला की मला काहीतरी दुसरं काम आठवतं. सुभेदार तोफखान्यातून निवृत्त होऊन इथंच राहिले. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी दहाला ते दुकानात येत, स्टुलावर ताठ बसत आणि माझा पेपर माझ्याआधी वाचून काढत. मला ते 'प्रेसवाले' म्हणत. नाव त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या हिशेबात माणूस म्हणजे त्याचं काम.

त्यांना हळू बोलता येत नसे. डावा कान तोफेनं नेला होता आणि उजवाही अर्ध्या पगारावर होता. एकदा त्यांनी मला जवळ ओढून समोरच्या टेलरबद्दल एक खासगी गोष्ट कानात सांगितली. रस्त्यापलीकडून टेलरनं तिचं उत्तर दिलं. सुभेदार जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "बघा, पोचलं ना? आवाज असा पायजे. वायरलेस बंद पडलं तरी तोफेला हुकूम पोचला पायजे."

रायफलीचं खूळ सुरू झालं ते भाऊबीजेला. सुभेदारांचं मूळ गाव कळवणजवळ. तिथं त्यांची धाकटी बहीण सुमनताई एकटीनं शेती करायची. नवरा वारलेला, मुलगा सातपूरला कंपनीत. मका भरात आला की डोंगराकडून रानडुकरं उतरत आणि कणसं खात त्याच्या दुप्पट आडवी करत. सुमनताई संध्याकाळपासून राखणीच्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायची. त्या वर्षी ओवाळताना तिनं ताट पुढं धरलं आणि सुभेदार म्हणाले, "सुमे, या वर्षी साडी नाय. या वर्षी ओवाळणीत तुझ्या डुकरांचा बंदोबस्त." तिनं ओवाळणी मिळाली असं समजून ताट खाली ठेवलं.

मला वाटलं, आता काय, महिन्याभरात काम होईल. ज्या माणसानं उभं आयुष्य तोफा उडवल्या त्याला एक रायफल निवडायला कितीसा वेळ लागणार? पीक राखणीसाठी म्हणून परवाना मिळवला, वनखात्याच्या कचेरीतही खेपा घातल्या. माजी सैनिक म्हणून कागद भराभर हलले. आणि परवाना हातात पडला त्या दिवशी सुभेदार स्टुलावर बसून म्हणाले, "आता खरा प्रश्न सुरू."

प्रश्न असा की, त्यांना हवी होती लिव्हरची रायफल. घोड्याच्या खाली एक कडी असते, ती हातानं पुढं ढकलून मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. माझ्या स्टीलच्या फूटपट्टीवर ते मला दाखवत. "बोल्टच्या रायफलीत हात वर न्यावा लागतो, गाल हलतो, नेम सुटतो. लिव्हरमध्ये रायफल खांद्यालाच. खटक-खटक. समझे?" मी म्हणालो, समजलं. मग घ्या लिव्हरची. तर म्हणाले, "पण नवी मिळत नाय आपल्याकडं. जुनीच बघावी लागंल, कुठल्या तरी खानदानी घरातली. आणि जुनी म्हटलं की नळी झिजलेली." बरं, मग बोल्टची घ्या. "गाल हलतो, सांगितलं ना आत्ता."

पुढं आली गोळी. लिव्हरच्या रायफलीत गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकीमागं एक झोपतात. टोकदार गोळी असली तर तिचं टोक मागून पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, आणि धक्का बसला तर ते काडतूस आतल्या आतच उडतं. म्हणून चपट्या नाकाची गोळी पाहिजे. तसली काडतुसं बाजारात मिळेनात, तेव्हा सुभेदारांनी ठरवलं की गोळी शिशाची, ओतलेली असावी. ठरवलं सोमवारी. गुरुवारी आले ते चेहरा पाडून. "मऊ शिसं नळीला लेप धरतं. कडक केलं तर डुकरात फुलत नाय, आरपार जातं आणि डुक्कर जखमी होऊन हिंडतं. ते वाईट." सोमवारी त्यांच्या बाजूनं असलेला मी गुरुवारी न हलता विरोधी पक्षात गेलेलो असे. मी मऊ म्हटलं की ते कडक, मी कडक म्हटलं की मऊ. माझं डोकं फिरून जाई आणि गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत मुलीकडची मंडळी मुलाकडे छापली जात.

कायद्याला मात्र माणूस भलता पक्का. ओतलेल्या गोळीला कुठली परवानगी लागते ते विचारायला ते नाशिकला कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "ओतलेली म्हणजे?" यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या आवाजात. सगळा हॉल गप्प झाला. बाईंनी त्यांना दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, त्या टेबलानं तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यानं पुन्हा बाईंकडे. तेव्हापासून एक ठरूनच गेलं की परवानगी येईपर्यंत शिसं वितळवायची चूल पेटवायची नाही. परवान्यावर हत्यार घ्यायची मुदत असते, ती संपत आली की हे मुदतवाढीचा अर्ज घेऊन जात. त्याच बाई कळवळून म्हणत, "सुभेदारसाहेब, या खेपेला तरी घेऊन टाका हो."

निवडणूक आली की परवानाधारकांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. सुभेदारांकडे जमा करायला काही नव्हतं. तरी प्रत्येक निवडणुकीला ते इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात जात आणि आपल्याकडे हत्यार नसल्याचं लेखी देऊन येत. हवालदार बुचकळ्यात पडे. "नाही ना? मग आलात कशाला?" यावर सुभेदारांचं म्हणणं असं की, नसलं तर नाही म्हणून सांगायला नको का?

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. मी फार टोचायला लागलो की ते बोट वर करून म्हणत, "प्रेसवाले, तोफेला घाई चालते. रायफलीला घाई चालत नाय." मला ते उलट वाटे. एवढी मोठी तोफ, तिला सबुरी पाहिजे. रायफल काय, उचलली आणि लावली. मी हे बोलून दाखवलं की ते हसत आणि माझ्याच चहाच्या कपानं मला गप्प करत.

माझ्या खिळ्यांवर त्यांची नजर गेली ती याच काळात. छापखान्याचं शिसं साध्या शिशापेक्षा कडक असतं, ओतायला उत्तम, हे त्यांना कुठून तरी कळलं. मागच्या खोलीत शिरून त्यांनी केस उघडली आणि मूठभर खिळे तळहातावर घेतले. "परवानगी आली की लागतील. यातलं कुठलं अक्षर तुम्हाला कधीच लागत नाय? तेवढंच देऊन ठेवा." मी म्हटलं, ङ घ्या. त्यांनी ङ शोधला, चष्मा वर करून बघितला. "पण कधी लागलाच तर?" मी म्हटलं, नाही लागणार. "लागला तर?" मग ळ घेऊ का, म्हणाले. मी ओरडलोच. ळ गेला तर देवळाली कशी छापू? "कळवण पण नाय छापता येणार," ते गंभीरपणे म्हणाले आणि सगळे खिळे जिथले तिथं ठेवायला लागले. जिथले तिथं अर्थातच ठेवले नाहीत. ती केस मी पुन्हा कधीच लावू शकलो नाही.

दर भाऊबीजेला सुमनताई ताट पुढं करून विचारी, "माझी ओवाळणी कुठंय, दादा?" आणि हे म्हणत, "बघतोय. लय जवळ आलोय." ती हसायची. दोघंही हसायचे. माझ्या घरचा फराळ पोचवायला मी एकदा गेलो होतो, तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. ताईच्या डोळ्यांखाली जागरणानं काळं झालं होतं. परत येताना गाडीत मला त्यांचा राग आला होता आणि इतक्या भल्या माणसाचा राग कसा करायचा तेही कळत नव्हतं.

मग एका वर्षी मका भरात आला असताना, भर दुपारी, बांधाला गवत कापत बसलेल्या सुमनताईवर पिल्लांची डुकरीण धावून आली. मांडी फाटली, हाड मोडलं. नाशिकला आणून ऑपरेशन करावं लागलं. सुभेदार दवाखान्याच्या बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून परेडला बसल्यासारखे बसले होते. ताई शुद्धीवर आली तेव्हा तिनं मक्याचं विचारलं. ओवाळणीचं नाही. बाहेर येऊन सुभेदार मला म्हणाले, "रविवारी गाडी काढा. सटाण्याकडं एका घरात लिव्हरची रायफल हाय. घ्यायची."

त्या घरातले आबा थकलेले होते, मुलं परदेशात, रायफल सांभाळायला कोणी नाही. हस्तांतराला ते राजी होते. त्यांनी ती कपाटातून काढली, रिकामी असल्याची खात्री करून दाखवली आणि सुभेदारांच्या हातात दिली. "बघा, कशी शे!" आबा अहिराणी वळणात म्हणाले. मला रायफलीतलं काही कळत नाही, पण ती सुंदर होती. लाकूड हात लागून लागून काळसर झालेलं, कडी लोण्यासारखी हलणारी. सुभेदारांनी नळीतून उजेड बघितला. झीज नाही. कडी ओढली, खटक-खटक. गाल हलला नाही. मग त्यांनी ती खांद्याला लावून अंगणाच्या भिंतीवरून पलीकडच्या मोकळ्या शेतात, लांबच्या एका बाभळीवर नेम धरला. बाभळीवर कावळा बसलेला होता. त्यांचं बोट घोड्यापासून दूर होतं. ते तसेच उभे राहिले, फार वेळ. आबांनी माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे.

सुभेदारांनी रायफल खाली घेतली, फडक्यानं पुसली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून परत केली. "फर्स्ट क्लास हाय," ते म्हणाले. "पण वजन जरा जास्त वाटतं."

देवळा गावाच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो, वजन? तुम्ही तोफा ओढल्यात, सुभेदार! तिकडे तुमची बहीण पाय बांधून पडलीय आणि तुम्हाला वजन जास्त वाटतं? घ्यायचीच नव्हती तर परवाना कशाला काढलात?

त्यांनी बशीतला चहा संपवला. आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच ते हळू बोलले, इतकं हळू की मला पुढं वाकावं लागलं.

"कावळा मान वळवत होता, प्रेसवाले. दिसत होतं. आमची तोफ डोंगरापलीकडं मारायची. पलीकडं काय हाय ते आम्हाला कधी दिसलं नाय. आकडे यायचे, आम्ही ते लावायचो, फायर. वायरलेसवर कोणीतरी सांगायचं, बरोबर पडलं. बरोबर म्हणजे काय, ते मी कधी विचारलं नाय. घाई असायची. रायफलीत दिसतं. दिसल्यावर विचारावं लागतं."

मी म्हटलं, मग ताईला तसं सरळ सांगायचं.

"ओवाळणीचा शब्द होता," ते म्हणाले. "निवडत होतो तोवर तो मोडला नव्हता."

गाडीत बसलो आणि नाशिक येईपर्यंत मी ते वाक्य उलटसुलट करून बघत राहिलो. त्यात लबाडी होती का? होती. पण सगळी वर्षं ते स्वतःशीही तेवढेच लबाड होते, हेही खरं होतं.

पंधरवड्यात त्यांनी कॅम्पातल्या खोल्या सोडल्या. ताई घरी यायच्या आत कळवणला जाऊन राहायचं आणि राखण स्वतः करायची असं त्यांनी ठरवलं होतं. आयुष्यात त्यांनी इतक्या झटपट ठरवलेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही. निघताना ते दुकानात आले, रायफलीची रिकामी पिशवी खांद्याला होतीच. "खिळे द्या," म्हणाले. "निवांत वेळ हाय आता. परवानगी आली की ओतीन." मी चक्रावलो. रायफल नाही, घेणारही नाही, मग गोळ्या कशाच्या? पण विचारलं नाही. त्यांनीच विस्कटलेली ती केस एका सुती पिशवीत रिकामी केली आणि दिली. ते रस्ता ओलांडून स्टँडकडे गेले, आणि माझं दुकान एकदम फार शांत झालं.

पुढं अधूनमधून फोन येई. कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू येई. माळ्यावर बसून ते डबा वाजवत नसत. डबा म्हणजे त्यांना कमीपणा. ते हुकूम देत. दिवस मावळला की पहिला हुकूम: नंबर एक तोफ, तयार! नंबर दोन तोफ, तयार! आणि मग असा 'फायर!' की शेजारच्या मळ्यातले बैल उठून उभे राहत. डुकरं पहिल्या आठवड्यातच पलीकडच्या ओढ्याला लागली. गावात आधी हसले, मग शेजाऱ्यांनी आपापल्या बांधावर यायचं आमंत्रण द्यायला सुरुवात केली. मी विचारलं, मग रायफल? "बघतोय ना," ते ओरडले. "नांदगावकडं एक हाय म्हणतात. घाई करायची नाय."

त्या हिवाळ्यात त्यांचा घसा बसला. सुमनताईच्या मुलानं बॅटरीवर चालणारा भोंगा आणला, आवाज भरून ठेवला की ठरल्या वेळी तो आपोआप वाजतो. घसा मोकळा झाल्यावर अंगणात बसून ताईनं भावाचे सगळे हुकूम मोबाइलवर भरून घेतले. "आता तुम्ही आराम करा, दादा," ती म्हणाली. त्यांना ते फारसं आवडलं नव्हतं. फोनवर म्हणाले, "मशीन हुकूम देतंय, मी चहा पितोय. असली नोकरी कधी केली नाय."

पुढच्या मक्याला तुरे आले आणि एका पहाटे सुभेदार झोपेतच गेले. हृदय थांबलं, डॉक्टरांनी सांगितलं. दशक्रियेला मला जमलं नाही, एका लग्नाच्या पत्रिका अडकल्या होत्या. नंतरच्या रविवारी गेलो. सुमनताई काठी घेऊन दारापर्यंत आली. भिंतीला रायफलीची ती पिशवी टांगलेली होती. "तिच्यात काय आहे?" मी विचारलं. "बियाणं," ती म्हणाली. "उंदीर लागत नाय."

संध्याकाळी आम्ही बांधावर जाऊन बसलो. मका उभा होता, एकही ताट आडवं नव्हतं. भोंग्याचा खांब वाऱ्यानं हलू नये म्हणून त्याच्या बुडाला एक जड सुती पिशवी बांधलेली होती. मी ओळखली. आत सगळे खिळे तसेच होते.

"रोज पुसायचे ते," ताई म्हणाली. "एकेक अक्षर. म्हणायचे, प्रेसवाल्याला हे लागंल, हे पण लागंल."

मी विचारलं, ताई, ओवाळणी मिळाली नाही म्हणून तुम्हाला कधी राग नाही आला? मक्याकडे बघत ती म्हणाली, "आला ना. पाय मोडला तेव्हा लय आला. पण दादा असे नेम धरून उभे हायेत, असं माझ्या डोळ्यापुढं कधी आलंच नाय. तुमच्या आलं का?"

माझ्याही नव्हतं आलं. इतकी वर्षं रोज रायफलीची चर्चा करून एकदाही नाही.

सूर्य डोंगराआड गेला आणि भोंगा खरखरला. नंबर एक तोफ, तयार! मी दचकून उभाच राहिलो. तोच आवाज, रस्त्यापलीकडच्या टेलरला ऐकू जाणारा. नंबर दोन तोफ, तयार! सगळ्या शिवारावरून तो फिरून आला. फायर! लांब ओढ्याकडे कुठंतरी कुत्री भुंकली. पुन्हा फायर. मग काही क्षण नुसती खरखर, आणि मला वाटलं, संपलं.

पण भरून घेताना मोबाइल लगेच बंद झाला नव्हता. खरखरीतून सुभेदारांचा साधा, घरातला आवाज आला. "झालं का गं भरून? बंद कर आता ते, सुमे. चहा टाक."

"मुलगा म्हणतो, शेवटचं तेवढं कापून टाकू," ताई म्हणाली. "मी नको म्हटलं."

तिनं काठी टेकली आणि उठली. "टाकते, दादा," असं भोंग्याकडे बघून म्हणाली आणि लंगडत घराकडे निघाली.